जुन्या मोटारींचा क्लच : सुधारणा आणि विवेक

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. ज्याचे सारे आयुष्य गॅरेजच्या खड्ड्यात, ग्रीस आणि राकेल यांच्या वासात गेले, त्याने सुशिक्षितांच्या सभेत काय बोलावे? पण चिटणीस म्हणाले, "जे हाताने केले तेच सांगा, ऐकीव सांगणारे पुष्कळ आहेत." त्या शब्दाचा मान राखून आम्ही येथे उभे आहोत. विषय आमच्या नित्याच्या कामातला आहे. पन्नास, साठ किंवा शंभर वर्षांच्या मोटारींचा क्लच, आणि त्याच्या जागी बाजारात मिळणारा नवा, अधिक बळकट क्लच बसविण्याची आजची हौस, हा तो विषय होय.

आपल्या मागील पिढ्यांनी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविली. आमच्या आजोबांची ऐरण आजही घरी आहे. वडिलांनी ती ऐरण सोडून मोटारीचा पाना हाती घेतला, आणि आम्ही त्यांच्या हाताखाली शिकलो. सांगायचे इतकेच की, मोटार जरी परदेशातून आली तरी लोखंड तापते केव्हा, वाकते केव्हा आणि तुटते केव्हा हे ज्ञान आपल्या घरचेच होते.

अलीकडे जुन्या मोटारींस पुन्हा मान आला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी देण्याची सोय केली. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. त्यामुळे गोदामांत आणि वाड्यांच्या पडव्यांत धूळ खात पडलेल्या गाड्या बाहेर निघू लागल्या. गाडी बाहेर निघाली की मालकाची पहिली तक्रार बहुधा क्लचची असते, आणि पाठोपाठ पहिली मागणीही ठरलेली असते : "मिस्त्री, जुने काढून टाका. नवीन, जबरदस्त काहीतरी बसवा."

क्लच म्हणजे काय, हे आमच्या भगिनींसाठी आणि लहान मुलांसाठी प्रथम सांगतो. दोन थाळ्या पाठीस पाठ लावून धरा आणि एक फिरवा. हाताने दाबून धरल्या असतील तर दुसरीही फिरेल, हात सैल केला तर पहिली फिरत राहील आणि दुसरी थांबेल. मोटारीत पहिली थाळी इंजिनाची, म्हणजे फ्लायव्हील. दुसरी गिअरकडे जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे क्लच प्लेट. दाबणारा हात म्हणजे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा. पायाखालचे पेडल दाबले की तो हात सैल होतो. एवढ्या साध्या गोष्टीवर सारी मोटार चालते.

आता ही पकड वाढवायची झाली तर मार्ग चारच आहेत. स्प्रिंगेचा दाब वाढवावा. थाळीचा व्यास वाढवावा. एका थाळीच्या जागी अनेक थाळ्या घालाव्या. किंवा थाळीवरचा लायनर अधिक चिकट जातीचा घ्यावा. बाजारात कोणत्याही नावाने आणि कितीही किंमतीने येणारा 'सुधारित' क्लच या चारांपैकी एक अथवा दोन मार्गांनीच सुधारलेला असतो. पाचवा मार्ग नाही. हे ध्यानात ठेवले तर जाहिरातीने डोळे दिपत नाहीत. आणि प्रत्येक मार्गाचे मोल कोठे तरी द्यावे लागते. दाब वाढला की पाय दुखतो आणि क्रँकशाफ्टला लांबीच्या दिशेने रेटा बसतो. व्यास वाढला की फिरणारे वजन वाढते व गिअर पडताना कुरकुर होते. थाळ्या वाढल्या की त्या एकमेकींपासून नीट सुटत नाहीत. लायनर फार चिकट झाला की गाडी उचलताना धक्का मारते.

जुन्या कारागिरांनी या चार मार्गांत काय काय युक्त्या केल्या, ते पाहण्यासारखे आहे. अगदी आरंभीच्या बहुतेक मोटारींत शंकूच्या आकाराचा, चामडे लावलेला क्लच असे. पाचर जशी थोड्या ठोक्याने लाकडात घट्ट बसते, तसा तो शंकू फ्लायव्हीलच्या पोकळीत बसे. शंकूचा उतार साधारण साडेबारा अंशांचा धरला तर पाचरीच्या गुणाने स्प्रिंगेच्या दाबाच्या चौपटीहून अधिक रेटा चामड्यावर पडतो. म्हणून साध्या चामड्यावर आणि एका मध्यम स्प्रिंगेवर त्या काळच्या अवजड गाड्या धावल्या. १९०६ ते १९२६ पर्यंत निघालेल्या रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये शंकूचाच क्लच होता. पुढील फँटममध्ये त्यांनी एका कोरड्या थाळीचा क्लच घेतला.

चामड्याचे लहरी वागणे आमच्या वडिलांनी पुष्कळ सोसले होते. चामडे वाळून कडक झाले की गाडी उडी मारून निघे. मग त्यावर जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल, किंवा ते नसेल तर एरंडेल, बोटाने चोळावयाचे. तेल अधिक झाले की क्लच घसरे. तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून चामड्यावर चिमूटभर माती टाकी. ती माती कोणती? साहेब लोक तिला 'फुलर्स अर्थ' म्हणत. तीच आपल्या घरातली मुलतानी माती! ज्या मातीने आमच्या आया-बहिणी केस धुतात, त्याच मातीने साहेबांच्या मोटारी चढ चढल्या, हे ऐकून आम्ही लहानपणी पोट धरून हसलो होतो.

फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीची तऱ्हा निराळी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघालेल्या या गाडीत अनेक पोलादी थाळ्यांचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असे. थंडीच्या दिवसांत तेल घट्ट झाले की थाळ्या एकमेकींस चिकटून राहत, आणि पुढे उभा राहून हँडल मारणाऱ्या माणसाच्याच अंगावर गाडी हळूहळू चालून येई. त्यावर थंड देशांतले लोक मागचे एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारीत. आज या गाडीसाठी जी सुधारणा पुष्कळ लोक करतात ती मोठी चतुराईची आहे. जनरल मोटर्सने १९६४ साली आणलेल्या टर्बो ४०० या स्वयंचलित गिअरबॉक्समधल्या, लायनर लावलेल्या थाळ्या मॉडेल टीच्या ड्रममध्ये बसवितात. त्या तेलात नीट सुटतात आणि नीट धरतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि मूळ थाळ्या डब्यात जपून ठेवता येतात. अशा सुधारणेस आमचा विरोध नाही.

त्याच गाडीच्या गिअरचे पट्टे मुळात विणलेल्या सुताचे असत. ते झिजत, आणि त्यांचे तंतू तेलाच्या नळीत अडकत. आज त्या जागी केव्हलारचे पट्टे मिळतात. केव्हलार हा १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या विदुषीने ड्युपाँ कंपनीत शोधलेला चिवट धागा. तो तंतू सोडत नाही व वर्षानुवर्षे टिकतो. पण येथेही मेख आहे. पट्टा घट्ट आवळून ठेवला किंवा चालकाने तो सारखा घासत ठेवला, तर पट्ट्याला काही होत नाही, ड्रम मात्र तापतो आणि त्याला तडा जातो. सुताचा पट्टा स्वतः झिजून ड्रम वाचवी, केव्हलार स्वतः वाचतो आणि ड्रम मारतो. शंभर वर्षांचा ड्रम महाग की नवा पट्टा महाग, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हडसन गाड्यांत १९५४ पर्यंत बुचाचा क्लच होता, हे सांगितले तर नव्या मुलांस खोटे वाटते. पोलादी थाळीला भोके पाडून त्यांत बाटलीच्या बुचासारखे बुचाचे तुकडे दाबून बसवीत, आणि ती थाळी तेलात फिरे. उचल इतकी मऊ की पाण्याचा पेला सांडू नये. तात्पर्य, प्रत्येक कारागिराने आपापल्या इंजिनाचा, धुरीचा आणि रस्त्याचा विचार करूनच क्लच योजला होता.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय या व्याख्यानास अर्थ नाही.

आमच्या एका नातलगांकडे वडिलोपार्जित फोर्ड मॉडेल ए आहे. ही गाडी मॉडेल टी नंतर, म्हणजे १९२७ च्या डिसेंबरात बाजारात आली. आरंभीच्या गाड्यांत अनेक थाळ्यांचा कोरडा क्लच होता. १९२८ च्या अखेरीस कंपनीने तो बदलून एका थाळीचा केला. नातलगांची गाडी त्यानंतरची. घरातल्या प्रत्येक लग्नाची वरात त्याच गाडीतून निघते. वरात म्हणजे क्लचचा काळ! बँडच्या मागे पावला-पावलाने दोन तास गाडी सरकवायची, म्हणजे क्लच अर्धवट धरून ठेवायचा. अशाच एका वरातीत क्लचचा वास सुटला, धूर निघाला आणि नवरदेवास शेवटचा रस्ता पायी जावे लागले. नातलग फार खट्टू झाले. म्हणाले, "काका, पुन्हा जन्मात घसरणार नाही असा क्लच बसवा. पैशाकडे पाहू नका."

आम्हीही पैशाकडे पाहिले नाही, पण इतर कशाकडेही पाहिले नाही. परदेशातून धातुमिश्रित गट्टूंची प्लेट आणि कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट मागविली. फ्लायव्हील मुळात साठ पौंडांहून वजनदार. तेही लेथवर लावून हलके केले. गाडी चपळ झाली. गिअर पटापट पडू लागले. आम्ही मिशांवर ताव दिला.

पुढच्या महिन्यात नातलग आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन पुण्यास निघाले. आम्हीही सोबत होतो. खंडाळ्याच्या घाटात चढावर वाहतूक अडली. पुन्हा निघताना त्यांनी इंजिनाचा वेग वाढविला आणि पेडलवरचा पाय जरा लवकर काढला. पूर्वीचा क्लच असता तर क्षणभर घसरला असता आणि गाडी निघाली असती. नवा क्लच घसरला नाही. मागून 'खाट' असा आवाज झाला. इंजिन गरजत होते, पण गाडी पुढे जाण्याऐवजी उतारावर मागे सरकू लागली. मागच्या एक्सलला चाकाचा हब जखडून ठेवणारी लहानशी चावी कापली गेली होती. मॉडेल एचे ब्रेक चाकांवर असतात, म्हणून पाय दाबताच गाडी थांबली. आम्ही उडी टाकून चाकांमागे दगड लावले. मातोश्री आत बसून नामस्मरण करीत होत्या. त्या उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "तू होतास म्हणून मी निर्धास्त बसले होते रे." ते शब्द आमच्या काळजात आजही रुततात. कारण ती चावी आमच्यामुळेच तुटली होती.

हीच गाडी मॉडेल टी असती तर? त्या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरच्या पेटीत असतो. मागे एक्सल अथवा शाफ्ट तुटला की तो ब्रेकही निरुपयोगी होतो. पुढचा विचार आम्ही करीत नाही.

दोष मागविलेल्या मालाचा नव्हता. माल उत्तम होता. दोष आमच्या समजुतीचा होता. जुन्या गाडीत क्लच हा घरातल्या विजेच्या फ्यूजसारखा असतो. भार अति झाला की तो आपण घसरून गिअरचे दात, शाफ्ट, चावी, एक्सल या साऱ्यांस वाचवितो. आम्ही फ्यूज काढून तेथे खिळा बसविला. साखळीतला एक दुवा बळकट केल्याने साखळी बळकट होत नाही. ती फक्त दुसऱ्या ठिकाणी तुटते. आणि ते दुसरे ठिकाण बहुधा अधिक धोक्याचे असते.

गॅरेजात आणल्यावर आम्ही शांत चित्ताने मूळ रोगाचा शोध घेतला. वरातीने क्लच जळाला हे खरे, पण तो आधीच अर्धमेला होता. मॉडेल एच्या फ्लायव्हीलच्या घराच्या बुडाशी एक छिद्र असते, आणि त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत ठेवलेली असते. गाडीच्या हादऱ्यांनी पिन हलते, छिद्र मोकळे राहते आणि इंजिनातून मागे झिरपलेले तेल खाली गळून जाते. या गाडीत ती पिनच नव्हती, आणि छिद्र चिखलाने बुजले होते. तेल आत साचून लायनरवर उडत होते. शिवाय पेडलला जी इंचभर मोकळी चाल हवी ती राहिली नव्हती, म्हणून रिलीज बेअरिंग सदैव टेकलेले आणि प्लेट सदैव अर्धवट सुटलेली. चार पैशांची पिन आणि एका नटाची फेरी, एवढाच मूळ रोग! आणि त्यावर आम्ही एवढी मोठी शस्त्रक्रिया केली होती.

आम्ही मूळ जातीची प्रेशर प्लेट आणि साधा, ॲस्बेस्टॉसविरहित लायनर लावलेली प्लेट परत बसविली. हलके केलेले फ्लायव्हील मात्र पुन्हा जड होत नाही. ती आमच्या अविचाराची खूण गाडीत कायमची राहिली. बिडाचे फ्लायव्हील लेथवर अति कापले तर ते वेगात फुटूही शकते. आम्ही मर्यादेत कापले होते, ही परमेश्वराची कृपा. त्यानंतर त्या गाडीतून तीन वराती निघाल्या आहेत. फरक इतकाच की चालकाने आता दर शंभर पावलांनी गाडी उभी करून गिअर काढावा, पायाने क्लच धरून ठेवू नये, असे आम्ही त्यास शिकविले आहे.

तर मग कोणतीच सुधारणा करू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. चामड्याच्या शंकूवर आज कोणी लांबचा प्रवास करू म्हणेल तर त्यास थाळीचा क्लच बसवून देणे शहाणपणाचे ठरू शकते. जुन्या काही गाड्यांत रिलीज बेअरिंगच्या जागी ग्रॅफाइटचे कडे असते. पेडलवर पाय टेकवून चालविणाऱ्याच्या हाती ते लवकर झिजते, म्हणून बॉलबेअरिंग घालणे काहींस सोयीचे वाटते. ज्यांचे गुडघे थकले त्यांच्यासाठी, जेथे बसू शकेल तेथे, अनेक स्प्रिंगांऐवजी एका बशीसारख्या डायफ्रॅम स्प्रिंगेची प्रेशर प्लेट हे वरदानच आहे, कारण तिचे पेडल मऊ असते. आमच्या मते सुधारणा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. रोग खरोखर क्लचमध्येच आहे काय? क्लच बळकट केल्यावर त्याच्यामागे सर्वांत दुबळे काय उरते? आणि उद्या कोणास मूळ स्वरूप हवे झाले तर हे काढून पूर्ववत करता येईल काय? तिसरा प्रश्न आमच्या पदरचा नव्हे. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्यूरिन येथील आपल्या सनदेत हेच तत्त्व सांगितले आहे. बदल थोडा असावा, परतविता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जेथे मूळ स्वरूपाचा आग्रह धरणे पाप होय. ती म्हणजे ॲस्बेस्टॉस. जुन्या क्लच प्लेटचे आणि ब्रेकचे लायनर उष्णता सोसावी म्हणून ॲस्बेस्टॉसचे करीत. त्याची सूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते, आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी ॲस्बेस्टोसिस अथवा कर्करोगाच्या रूपाने वर येते. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली. अमेरिकेत २०२४ साली तसा नियम झाला. आमच्या पिढीस हे कोणी सांगितले नाही. क्लचचे घर उघडले की तोंडाने फुंकर मारून धूळ उडवायची, अशीच आम्हांस सवय होती. तोंडाशी रुमालही नसे. वडिलांच्या हाताखालचे कित्येक मिस्त्री म्हातारपणी धापा टाकीत गेले. कशाने, हे कोणी तपासले नाही. म्हणून हात जोडून सांगतो, जुन्या गाडीची धूळ फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू नका. ती पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बंद करा, आणि तोंडावर योग्य मुखवटा असल्याखेरीज हात घालू नका. जुना लायनर 'ओरिजिनल' म्हणून जपायची हौस असेल तर तो बंद डब्यात जपावा. गाडीत नवाच लावावा. मोटारीचे मूळ रूप मोलाचे खरे, पण ती दुरुस्त करणाऱ्या पोराच्या श्वासाहून अधिक मोलाचे नाही.

शेवटी आमच्या तरुणांस एक विनंती. शंकूवर चामडे चढविणारे, फ्लायव्हीलचा चेहरा डोळ्यांनी पारखणारे, रिलीजच्या बोटांची उंची कागदाच्या पट्टीने सारखी करणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आमचाच मुलगा संगणकावर काम करतो. त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. पण परवा आमची नात, जी आयटीआयत शिकते, गॅरेजात आली आणि तिने त्या मॉडेल एच्या बुडाशी हात घालून विचारले, "आजोबा, ही पिन सैल का ठेवली आहे? आवळून टाकू?" आम्ही म्हणालो, "नको बाळ, ती सैल आहे म्हणूनच उपयोगाची आहे." ती क्षणभर विचार करून म्हणाली, "हलते म्हणून भोक बुजत नाही, होय ना?" आम्हांस वाटले, आजोबांची ऐरण योग्य घरी आहे.

जे कोणी शिकू इच्छितील, मग मुलगे असोत वा मुली, त्यांच्यासाठी आमच्या गॅरेजचे दार रविवारी सकाळी उघडे असते. फी नाही. मुखवटा आणि जुने कपडे मात्र आपापले आणावे.